पहिलटकरीण आणि शेंडेफळ
(प्रस्तावना)

बाई दवाखान्यात आली की केसपेपरवर आधी तिचं नाव लिहितात, मग वय, मग कितवी खेप. मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर माझं छोटं प्रसूतिगृह होतं. तिथे हे लिहून घेणाऱ्या आमच्या मावशींचं पेन कधीकधी दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराच्या मध्ये अडायचं. सदतीस? आणि पहिलं? मग त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. त्या बघण्यात एक अख्खं शास्त्र होतं. बाई पहिलटकरीण आहे, वय झालंय, पिशवी साथ द्यायची नाही, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून ठेवा.

ते शास्त्र कितपत खरं आहे, आणि खरं असेल तर पिशवीत नेमकं काय म्हातारं होतं, एवढ्याचसाठी पुढची पानं लिहिली आहेत. ती डॉक्टरांसाठी आहेत, तशीच परिचारिकांसाठी, आशाताईंसाठी, जवळच्या वझे-केळकर महाविद्यालयात जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठीही आहेत. बारावीला स्नायू आणि पेशी शिकलेल्या कुणालाही ती वाचता यावीत. ज्यांनी तेही शिकलेलं नाही पण दोन बाळंतपणं काढली आहेत, त्यांना तर काही गोष्टी माझ्याआधीच ठाऊक असतील.

मावशींची नजर त्यांनी स्वतः शोधलेली नव्हती. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५८ मध्ये ठरवलं की पस्तीस किंवा त्याहून जास्त वयात पहिल्यांदा गरोदर राहणारी स्त्री म्हणजे ‘एल्डर्ली प्रायमीग्रॅव्हिडा’. मुंबईच्या वॉर्डांत त्याचं ‘एल्डर्ली प्रायमी’ झालं आणि अजूनही राउंडला हा शब्द खाटेवर पडलेल्या बाईच्या डोक्यावरून बोलला जातो. तिला इंग्रजी कळत असतं. पस्तिसाव्या वर्षी म्हातारी म्हणवून घ्यायला कुणाला आवडेल? पण माझा आक्षेप शिष्टाचाराचा नाही. या शब्दामुळे अभ्यास सुरू व्हायच्या आधीच उत्तर लिहून झालं, हा माझा आक्षेप आहे.

त्याच्या उलट बाजूला माझी आजी आहे. तिला शेवटचं मूल बेचाळिसाव्या वर्षी झालं. तिची थोरली मुलगी त्याच वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका घरात मायलेकी बाळंत होणं ही तेव्हा हसण्याची गोष्ट होती, नवलाची नव्हती. मुलीला दीड दिवस लागला. आजीसाठी सुईणीला बोलवायला माणूस गेला आणि तो तिला घेऊन परत येईपर्यंत काका रडत होता. आमच्या पिढीतल्या बहुतेक मराठी घरांत असं एक तरी शेंडेफळ निघेल, आणि ते बाहेर यायला कधी अडलं नव्हतं, असंच सांगितलं जातं.

आता या दोघींना शेजारी ठेवा. सदतिसाव्या वर्षी पहिलटकरीण असलेली माझी पेशंट आणि बेचाळिसाव्या वर्षी शेंडेफळ जन्माला घालणारी आजी. वयाने आजीची पिशवी जास्त जुनी. तरी काम तिनेच झटपट केलं. म्हणजे वाढत्या वयाने गर्भाशयाचा स्नायू दुबळा होतो हे विधान जसंच्या तसं टिकत नाही. त्या स्नायूने आधी काम केलेलं आहे की नाही, वाट किती मोकळी झालेली आहे, मधल्या वर्षांत त्याच्यावर काय काय गुदरलं, हे सगळं वयाच्या रकान्यात दडून बसतं. (आजीच्या पिढीचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की अनेक खेपा झालेल्या पिशवीची भीती वेगळी असते. बाळ भराभर बाहेर येतं, पण नंतर पिशवी आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. शेंडेफळांच्या गोष्टी सांगायला ज्या आज्या उरल्या, त्यांच्याच आपण ऐकतो.)

स्नायूची ओळख करून देते. गरोदर नसताना गर्भाशय मुठीएवढं, वजनाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम. दिवस भरतात तेव्हा तेच गर्भाशय, बाळ आणि वार वगळून, किलोभर भरतं. यातली बरीचशी वाढ नव्या पेशींची नसून असलेल्याच पेशी लांब आणि जाड होण्याची असते. एकेक पेशी जवळपास दहापट लांबते. शरीरात दुसरा कोणताही स्नायू नऊ महिन्यांत असा वाढत नाही आणि नंतर सहा आठवड्यांत पुन्हा मुठीत मावत नाही. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगते, त्यांना ते आवडत नाही.

हा स्नायू मज्जातंतूंच्या हुकमाची वाट बघत नाही. पेशीच्या आवरणावर विजेचा एक भार चढतो, कॅल्शियमची दारं उघडतात, आत शिरलेलं कॅल्शियम एका प्रथिनाच्या साखळीतून मायोसिनपर्यंत निरोप पोचवतं आणि पेशी आखडते. मग कॅल्शियम बाहेर फेकलं जातं, पेशी सैल पडते. एकट्या पेशीने हे करून काही होत नाही. कोट्यवधी पेशींनी एका वेळी करायला हवं. त्यासाठी शेजारच्या पेशींमध्ये सूक्ष्म बोगदे तयार होतात. ते ज्या प्रथिनाचे बनतात त्याचं नाव कनेक्सिन-४३. दिवस भरत येतात तसे हे बोगदे वाढतात, ऑक्सिटोसिन पकडणारे ग्राहकही वाढतात. हृदयात ठेका धरणारी जागा ठरलेली आहे. गर्भाशयात अशी ठरलेली जागा सापडलेली नाही. पुढे हलगीवाला नसताना लेझमीचं पथक एका लयीत पडावं, तशी कळ येते.

दुसरी गोष्ट मला कॉलेजात कुणी सांगितली नाही, ती फार नंतर वाचनात आली. गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या नलिका या स्नायूच्या आतूनच जातात. त्यामुळे प्रत्येक कळेला स्नायू स्वतःचाच रक्तपुरवठा आवळतो. दोन कळांमधली विश्रांती बाईसाठी असते तशीच पिशवीसाठीही असते. त्या दोन-तीन मिनिटांत प्राणवायू परत येतो. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की कळा मंदावल्या म्हणून ज्यांचं सिझर झालं, त्यांच्या गर्भाशयाच्या स्नायूतून आलेलं रक्त अधिक आम्ल होतं आणि त्यात लॅक्टिक आम्ल जास्त होतं. चढण चढून पोटऱ्या भरून याव्यात तसं. पुढे स्टॉकहोममध्ये कळा मंदावलेल्या स्त्रियांना ऑक्सिटोसिन लावायच्या आधी खाण्याच्या सोड्याचं पाणी प्यायला देऊन बघितलं, आणि त्या गटात सरळ बाळंत होणाऱ्या स्त्रिया वाढल्या. सोड्याचा हा प्रयोग घरी करू नये. पण त्याने एक गोष्ट उघड केली. न आवळणारी प्रत्येक पिशवी दुबळी असते असं नाही, काही नुसत्या दमलेल्या असतात. आणि आपण त्या दमलेल्या स्नायूला विसावा द्यायच्या ऐवजी ड्रिपचे थेंब वाढवत जातो.

कळा वाढवायच्या कशा, हा वाद आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीचं प्रकरण आहे. कळा सुरू झालेल्या बाईला हातात मुसळ देऊन उखळात कांडायला लावावं असं काही जण म्हणतात, असं तिथे नोंदवलं आहे, आणि लगेच गुरू आत्रेयांनी ते फेटाळलं आहे. अशा वेळी बाईचं शरीर नाजूक असतं, मुसळ उचलण्याच्या श्रमाने जीव धोक्यात येईल, असं त्यांचं कारण. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींनी प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन भारतीय प्रसूतिशास्त्राचाच. एकविशीतल्या त्या मुलीने अमेरिकेतल्या प्राध्यापकांसमोर आपल्याकडच्या बाळंतपणाचं शास्त्र मांडायला घेतलं, या गोष्टीची मला आजही असूया वाटते. मराठी माणसाने या विषयात पाऊल टाकताना आपण परक्याच्या अंगणात आलो असं वाटून घेण्याचं कारण नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे. वय वाढलं की कळांचं बळ कमी होतं का, हे मोजायचं कसं? बाईच्या पोटावर पट्टा बांधून कळा किती वेळा येतात ते कळतं, त्यांचा जोर कळत नाही. गर्भाशयाच्या आत नळी घालून दाब मोजता येतो. उरुग्वेतल्या मॉन्टेव्हिडिओच्या डॉक्टरांनी १९५० च्या आसपास ते केलं आणि त्यांच्या गावाचं नाव अजून त्या एककाला आहे. पण तो दाब स्नायूचा की बाळाच्या बसण्याचा की बाईच्या भीतीचा, हे वेगळं करता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ स्नायूचा तुकडाच बाहेर काढतात.

सिझरच्या वेळी पिशवीच्या कापाच्या कडेवरून, बाईची परवानगी घेऊन, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एक पट्टी घेतात. ती क्षार आणि साखर असलेल्या, प्राणवायू सोडलेल्या, सदतीस अंशांवर ठेवलेल्या पाण्यात टांगतात. एक टोक खाली अडकवलेलं, दुसरं ताण मोजणाऱ्या यंत्राला. थोडा वेळ काही होत नाही. मग पट्टी आखडते, सैल पडते, पुन्हा आखडते. तासन्‌तास. बाळ नाही, बाई नाही, मेंदू नाही, आणि तरी आकुंचन होत राहतं. अशा प्रयोगाचा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो ईसीजीपेक्षा सुंदर वाटला.

२००८ मध्ये केंब्रिजच्या गॉर्डन स्मिथ यांच्या गटाने दोन गोष्टी एकत्र प्रसिद्ध केल्या. पहिली, स्कॉटलंडमधल्या १९८० ते २००५ या काळातल्या ५,८३,८४३ पहिलटकरणींची नोंद. वयाबरोबर सिझरचं प्रमाण वाढत होतं, आणि ते पस्तिशीला पायरी चढल्यासारखं नव्हे, तर सोळा-सतरापासूनच सरळ रेषेत वाढत होतं. एवढ्या पंचवीस वर्षांत स्त्रियांची पहिली बाळंतपणं पुढे ढकलली गेली नसती तर वाढलेल्या सिझरपैकी ३८ टक्के टळली असती, असा त्यांचा हिशोब. दुसरी गोष्ट, ६२ स्त्रियांच्या स्नायूच्या पट्ट्या. जास्त वयाच्या स्त्रियांच्या पट्ट्या आपणहून कमी आखडत होत्या, आणि त्यांचं आकुंचन एकच उंच लाट येण्याऐवजी तुटक, दोन-तीन शिखरांचं होतं.

इथे बरेच जण पुस्तक मिटतात. मावशींचं म्हणणं सिद्ध झालं ना? पण २०१५ मध्ये आयर्लंडच्या गॉलवेमधून आलेल्या अभ्यासात तशाच पट्ट्या, तसंच पाणी, आणि वयाचा स्नायूच्या आखडण्याशी काही संबंध दिसला नाही. दोन्ही गट हुशार, दोन्ही प्रामाणिक. मग कुणाचं खरं मानायचं? या विषयात नवीन येणाऱ्याने मला हा प्रश्न विचारावा अशी माझी इच्छा आहे, कारण तो विचारला की विषय खरा सुरू होतो. पट्टी घेतली जाते ती गर्भाशयाच्या खालच्या भागातून, जोर लावणाऱ्या वरच्या भागातून नाही. ती मिळते फक्त सिझर झालेल्या स्त्रियांकडून, म्हणजे सुखाने बाळंत झालेली सदतीस वर्षांची बाई या प्रयोगात कधी येतच नाही. आणि टांगलेल्या पट्टीला ना साचणाऱ्या आम्लाचा त्रास, ना आवळल्या जाणाऱ्या रक्तवाहिन्या. तिचं वय मोजता येतं, तिचा थकवा नाही.

उंदरांनी यात थोडी भर घातली आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१७ मध्ये तीन महिन्यांच्या आणि आठ महिन्यांच्या गाभण उंदरिणींची तुलना केली. वयस्क उंदरिणींचे दिवस लांबले, प्रसूतीला वेळ जास्त लागला, प्रसूतीआधी प्रोजेस्टेरॉन जसं झरकन उतरायला हवं तसं ते उतरलं नाही, आणि स्नायूपेशींतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांतही, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, फरक होते. आठ महिन्यांची उंदरीण ही काही म्हातारी नव्हे. प्रौढ म्हणावी अशी. म्हणजे बदल म्हातारपणाच्या बराच आधी सुरू होतो, आणि तो एकट्या स्नायूत होत नाही. अंडाशय, संप्रेरकं, पिशवीचं तोंड, सगळ्यांनी मिळून वेळ चुकवलेली असते.

स्मिथ यांनी पुढे एक वेगळी कल्पना मांडली, ती मला अधिक रुचते. महत्त्वाचं वय कदाचित जन्मापासून मोजायचं नसेलच; पहिली पाळी आल्यापासून पहिल्या बाळंतपणापर्यंतचं असेल. त्या सगळ्या वर्षांत दर महिन्याला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्नायूवरून जातात. माझी आजी तेराव्या वर्षी शहाणी झाली आणि सतराव्या वर्षी बाळंत झाली. पुढची पंचवीस वर्षं ती एक तर गरोदर होती नाहीतर अंगावर पाजत होती. तिने एकंदर पाळ्या फार थोड्या पाहिल्या. आज मुलुंडहून सकाळची लोकल पकडून फोर्टला जाणारी तिची पणती सदतिसाव्या वर्षी बाळंत होते तेव्हा तिच्या पिशवीने अडीचशेच्या वर पाळ्या काढलेल्या असतात. त्यात एखादी गाठ आली असेल, आतल्या अस्तराने स्नायूत घुसून ॲडेनोमायोसिस झाला असेल, वजन आणि साखर वाढली असेल. गंमत अशी की कोलेस्टेरॉल वाढलं तर गर्भाशयाच्या पेशी कमी आखडतात, हे प्रयोगशाळेत स्वच्छ दिसतं. यातलं वयाचं किती आणि वयाबरोबर आलेल्या सामानाचं किती?

हा गुंता सोडवायची एक वाट मुंबईतूनच निघाली. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणली हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर १९९१ मध्ये त्यांनी दुसऱ्या स्त्रीचं बीज वापरून, पाळी गेलेल्या किंवा अंडाशय लवकर थांबलेल्या स्त्रीला मूल होऊ शकतं हे करून दाखवलं, त्याची चर्चा कमी झाली. माझ्या दृष्टीने ती घटना मोठी, कारण तिने बीजाचं वय आणि पिशवीचं वय एकमेकांपासून सोडवलं. बीज पंचविशीचं, पिशवी अठ्ठेचाळिशीची. आणि संप्रेरकं दिली की पिशवी अस्तर तयार करते, गर्भ रुजवते, किलोभराची होते. अंडाशयाला जशी मुदत असते तशी पिशवीला नसते. कायद्याने मात्र मुदत घातली आहे: २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार स्त्रीसाठी वरची मर्यादा पन्नास वर्षं. त्या मर्यादेमागे हृदय, रक्तदाब, पुढे मूल वाढवणं असे अनेक विचार आहेत आणि त्यातले बरेच मला पटतात. पिशवी त्या यादीत बरीच खाली येते.

पिशवीच्या तोंडाची गोष्ट वेगळी, आणि ती सांगताना गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ पडणाऱ्या बायकांच्या पिशवीचं तोंडच सैल असतं हे ओळखून त्यांनी मुंबईत त्याला टाका घालायची पद्धत बसवली आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यासाठी ते बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी वापरत. जगभर तो टाका अजून शिरोडकर म्हणून घातला जातो. त्या टाक्यात एक शारीरशास्त्र दडलेलं आहे. गर्भाशयाचं अंग स्नायूचं, पण तोंड मुख्यतः कोलॅजनच्या दोरखंडांचं. एकाने नऊ महिने गप्प बसायचं आणि मग जोर करायचा. दुसऱ्याने नऊ महिने धरून ठेवायचं आणि मग सोडायचं. बाळंतपण अडलं की आपण म्हणतो कळांमध्ये दम नाही, पण कित्येकदा कळा चांगल्या असतात आणि तोंडच वेळेवर मऊ झालेलं नसतं. वयाने कोलॅजनचं काय होतं आणि स्नायूचं काय होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आणि तिसरा घटक खाटेवर नसतो, खाटेच्या शेजारी घड्याळ बघत उभा असतो. मी.

अमेरिकेच्या फ्रीडमन यांनी १९५० च्या दशकात पिशवीचं तोंड तासाला किती उघडतं याचा आलेख काढला. १९७२ मध्ये आजच्या झिम्बाब्वेतल्या फिलपॉट आणि कासल यांनी त्यावर सावधतेच्या रेघा मारून पार्टोग्राफ बनवला, कारण तिथल्या सुईणींना बाई मोठ्या रुग्णालयात कधी हलवायची हे ठरवायचं होतं. फार उपयोगी कागद. पण पुढे त्याचा एक सेंटिमीटर तासाला हा नियम झाला, आणि जी पिशवी नियमाप्रमाणे चालली नाही ती नापास. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की जोमाच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरा आणि तासाला एक सेंटिमीटरचा आग्रह सोडा. माझी बहुतेक प्रॅक्टिस तोपर्यंत होऊन गेली होती. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात चारातलं एक बाळंतपण सिझरने झालेलं होतं, २५.४ टक्के. यातल्या किती वेळा स्नायू हरला आणि किती वेळा आमचा धीर?

उशिराच्या पहिलटकरणीच्या बाबतीत हा धीर आधीच कमी असतो. मौल्यवान बाळ, आयव्हीएफचं बाळ, घरचे चिंतेत, आपणही चिंतेत. मग ड्रिप लवकर लागते, सिझर लवकर होतं, आणि नोंदीत लिहिलं जातं की कळा पुरेशा नव्हत्या. पुढच्या अभ्यासात तीच नोंद पुरावा म्हणून येते. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये पस्तीस आणि त्यावरच्या ६१९ पहिलटकरणींवर चाचणी झाली: निम्म्या जणींना एकोणचाळिसाव्या आठवड्यातच कळा आणल्या, उरलेल्यांची वाट बघितली. सिझरचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं निघालं, तीनात एक. लवकर कळा आणून नुकसान झालं नाही, फायदाही झाला नाही. मला या निकालात जास्त लक्षवेधी वाटली ती दुसरी बाजू: दोन्ही गटांतल्या बहुतेक जणी खालूनच बाळंत झाल्या.

बाळ बाहेर आल्यावर या स्नायूचं एक काम उरतं, आणि ते सगळ्यांत जबाबदारीचं. वार सुटते तिथे उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आडव्यातिडव्या स्नायूतंतूंच्या जाळ्यात असतात. स्नायू आवळला की त्या चिमटल्या जातात. आवळला नाही तर बाई काही मिनिटांत जाऊ शकते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने आसपासच्या खेड्यांत परिचारिकांच्या हातून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊन केलेला १६२० स्त्रियांचा अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर उतरला. फ्रिज नाही, सलाईन नाही, डॉक्टर नाही, तरी स्नायू आवळला. या विषयातलं मला माहीत असलेलं सगळ्यांत समाधानकारक काम हे, आणि ते सीमाभागातल्या उपकेंद्रांत झालं.

पाळी गेल्यानंतरच्या पिशवीवर पुढे एक प्रकरण आहे, ते छोटं आहे. गरोदर नसतानाही पिशवीच्या आतल्या थरात हलक्या लाटा येत असतात, पाळीच्या वेळी तोंडाकडे आणि बीज सुटायच्या सुमारास वरच्या दिशेने. इस्ट्रोजेन उतरलं की त्या मंदावतात, स्नायू आक्रसतो, तंतू वाढतात. हे प्रकरण छोटं असण्याला एक कारण शास्त्राबाहेरचं आहे. चाळिशीनंतर पिशवीचं काय काम, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचा दंड बसतो, अंगावरून जातं, कॅन्सरची भीती घातली जाते. त्या पिशव्यांना म्हातारं होण्याची संधीच मिळाली नाही.

शब्दांबद्दल थोडं सांगून थांबते. ‘गर्भाशय’ आणि ‘पिशवी’ हे दोन्ही शब्द मी वापरले आहेत. पहिला पुस्तकात शोभतो, दुसरा बाईच्या तोंडी असतो. ‘आकुंचन’ हे पट्टीचं आणि ‘कळ’ ही बाईची, हा भेद मात्र कटाक्षाने पाळला आहे, कारण टांगलेल्या पट्टीला दुखत नाही. ‘एल्डर्ली प्रायमी’च्या जागी ‘उशिराची पहिलटकरीण’ असं लिहिलं आहे. उशीर हा निदान घड्याळाचा असतो. ‘थकलेला’ आणि ‘म्हातारा’ हे शब्द स्नायूसाठी दोन्ही येतात, पण वेगवेगळ्या अर्थांनी: थकलेला स्नायू विसाव्यानंतर पुन्हा आखडतो, म्हाताऱ्याची रचनाच बदललेली असते. चाळीस वर्षं केसपेपरवर मी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरत आले. पुढच्या पानांत तसं कुठे पुन्हा झालेलं सापडलं, तर वाचकांनी पान क्रमांकासकट मला कळवावं.

मुलुंड (पूर्व)